दोष ना लसीचा, ना माहेरचा

माझ्या मुलाला पहिला झटका आला तेव्हा तो पाच महिन्यांचा होता. सर्दीमुळे राहून गेलेली लस आदल्या दिवशी टोचली होती. रात्री अंग तापलं आणि पहाटे त्याचा डावा हात आणि डावा पाय उडू लागला, ओठ निळे पडले. आमच्या साखरा गावाहून सेनगाव आणि तिथून हिंगोली गाठेपर्यंत झटका थांबला नव्हता.

गावात दोन निकाल लगेच लागले. कुणी म्हणालं लस बाधली, कुणी म्हणालं आईच्या माहेरी कुणाला तरी मिरगी असणार. माझ्या माहेरी कुणालाच नव्हती, पण ते ऐकून घ्यायला कुणी तयार नव्हतं. सासूबाई मात्र माझ्या बाजूने उभ्या राहिल्या. कांदा हुंगवायला आणि दातांत चमचा घालायला आलेल्यांनाही त्यांनीच बाहेर काढलं. झटक्यात तोंडात काहीही घातलं की दात तुटतो, श्वास अडतो. लेकराला कुशीवर वळवायचं, कपडे सैल करायचे आणि घड्याळ बघायचं.

डोक्याचा फोटो काढला, मेंदूची पट्टी काढली. दोन्ही चांगले आले. तापातला झटका आहे, मोठा झाला की जाईल, असं सांगितलं गेलं. तापात फिट येणाऱ्या बहुतेक लेकरांच्या बाबतीत ते खरंही असतं. पण माझ्या मुलाला पुढच्या महिन्यात थोड्याशा कणकणीने पुन्हा झटका आला, यावेळी उजव्या बाजूला. मग गरम पाण्याने आंघोळ घालतानाही आला. एका ठिकाणी कार्बामाझेपिन सुरू झालं. औषध वाढवलं तसे झटके वाढले, म्हणून औषध आणखी वाढवलं. ते दिवस आठवले की आजही पोटात कालवतं.

पुढे एका बालमेंदूतज्ज्ञांनी सगळी हकीकत पहिल्यापासून ऐकली आणि जनुकांची तपासणी करायला सांगितलं. अहवाल आला, एससीएन१ए या जनुकात बिघाड. आजाराचं नाव ड्रॅव्हे सिंड्रोम. फ्रान्सच्या डॉक्टर शार्लोट ड्रॅव्हे यांनी 1978 मध्ये त्याचं वर्णन केलं. त्यामागचं जनुक 2001 मध्ये सापडलं.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. मेंदूत काही पेशी चेतवणाऱ्या असतात, काही आवरणाऱ्या. पेशीला संदेश पाठवण्यासाठी सोडियम आत घ्यावं लागतं. या जनुकातल्या बिघाडाने सोडियमची वाट अपुरी पडते आणि सगळ्यात जास्त मार बसतो तो आवरणाऱ्या पेशींना. कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन, फेनिटॉइन, लॅमोट्रिजिन ही औषधं सोडियमची हीच वाट आणखी अडवतात. म्हणून इतरांना लागू पडणारी औषधं या लेकरांचे झटके वाढवू शकतात. आमचं औषध डॉक्टरांनी हळूहळू बंद केलं आणि व्हॅल्प्रोएट, क्लोबाझाम सुरू केलं. झटके पूर्ण गेले नाहीत, पण लांबलचक झटके खूप कमी झाले.

माझं आणि मालकांचंही रक्त तपासलं. तो बदल आम्हा दोघांतही नव्हता. ड्रॅव्हेच्या बहुतेक लेकरांत असंच असतं, बदल त्या बाळातच नव्याने झालेला. जनुकीय म्हणजे घराण्यातून आलेलं, असं धरून बसू नये. तरी पुढच्या गरोदरपणाआधी सल्ला घ्यावाच, कारण कधी कधी हा बदल आईच्या किंवा वडिलांच्या थोड्याच पेशींत दडलेला असतो आणि रक्तात दिसत नाही.

लसीचंही तेच. लसीने मेंदू बिघडला असं ज्यांच्याबद्दल समजलं जात होतं, अशा चौदा जणांची ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी तपासणी केली. 2006 मध्ये ती प्रसिद्ध झाली. चौदापैकी अकरा जणांत याच जनुकाचा बिघाड निघाला. लसीच्या तापाने पहिला झटका थोडा लवकर येऊ शकतो, आजार मात्र आधीपासून असतोच. माझ्या मुलाच्या पुढच्या सगळ्या लसी झाल्या, तापाचं औषध डॉक्टरांना आधी विचारून ठेवून. गोवरासारख्या आजाराचा ताप अशा लेकराला लसीपेक्षा कितीतरी महागात पडतो.

झटके येणाऱ्या सगळ्या लेकरांत बिघडलेलं जनुक एकच नसतं, आणि उपचार त्यावरच ठरतो. केसीएनक्यू२ मधल्या एका प्रकारात जन्मानंतर पहिल्या आठवड्यातच झटके सुरू होतात, आई किंवा वडिलांनाही लहानपणी ते झालेले असतात आणि बहुतेकदा काही महिन्यांत आपोआप थांबतात. तिथे कार्बामाझेपिन छान काम करतं, जे आमच्या मुलाला बाधलं. एएलडीएच७ए१ च्या बिघाडात झटके आवरतात ते बी-6 जीवनसत्त्वाने, पण ते जन्मभर द्यावं लागतं. ग्लूट-1 च्या कमतरतेत भरपूर स्निग्ध आणि अगदी कमी पिठूळ-गोड असा आहार, तोही तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. अंगावर पांढुरके चट्टे आणि झटके एकत्र दिसले तर ट्यूबरस स्क्लेरोसिसची शंका घ्यावी लागते.

यातला बी-6 चा आजार आई आणि वडील दोघांकडून एकेक सदोष प्रत आली तरच होतो. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात धोका चारात एक. आपल्याकडे मामाच्या, आत्याच्या घरी सोयरीक करायची रीत आहे. एकाच रक्तात तीच सदोष प्रत दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. घरात असं एक बाळ होऊन गेलं असेल तर लग्न ठरवण्याआधी जनुकीय सल्लागाराला भेटा. गर्भाची जनुकीय तपासणी नोंदणीकृत केंद्रात कायद्याने करता येते. बंदी आहे ती लिंग सांगण्यावर.

झटका आला की एकाने मोबाईलवर चित्रण करावं. कोणती बाजू उडते, किती वेळ, हे डॉक्टरांना त्यातच दिसतं. पाच मिनिटं उलटली की थांबू नका. वजनाप्रमाणे ठरवून दिलेला मिडाझोलामचा नाकातला फवारा घरात ठेवा आणि दवाखाना गाठा. ड्रॅव्हेचं निदान झालं असेल तर कोणती औषधं टाळायची तो कागद पिशवीत असू द्या. तातडीच्या विभागात बरेचदा फेनिटॉइनच दिलं जातं. आणि चालू औषध स्वतःच्या मनाने कधीच तोडू नका.

मुंबईत परळचं केईएम आणि हैदराबादचं निम्स इथे जनुकीय सल्ला मिळतो. नांदेडहून हैदराबादला रेल्वे आहे, आपल्या भागाला ते सोयीचं.

साखरा, सेनगाव भागातल्या आशाताईंना आणि अंगणवाडीताईंना माझी विनंती आहे. वर्षाच्या आतल्या लेकराला लांबलेला, एकाच बाजूचा किंवा पुन्हा पुन्हा झटका येतो असं कळलं, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला त्याचं नाव द्या आणि त्याला बालमेंदूतज्ज्ञांकडे पाठवायचा आग्रह धरा. जाताना जन्मापासूनचे कागद आणि मोबाईलवरचं चित्रण सोबत न्यायला सांगा.