सांकेतिक दुवा (सिम्बॉलिक लिंक) : मेकफाइलमध्ये तो नीट कसा करायचा?



शाळेच्या संगणक कक्षात लिनक्स असेल, तर मराठी दाखवणारा 'लोहित' हा फॉन्ट तुम्ही नक्की पाहिला असेल. याचे मूळ काम पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे. २००४ मध्ये रेड हॅटने तो मुक्त परवान्याखाली सर्वांसाठी खुला केला. असा फॉन्ट संगणकावर बसवताना एक छोटीशी ओळ फार महत्त्वाची असते. आजचा पाठ त्या ओळीचा.

दुवा म्हणजे काय?

सांकेतिक दुवा म्हणजे रस्त्यावरची पाटी. पाटीत गाव नसतं, गावाचा पत्ता असतो. तसंच दुव्यात फाइल नसते, फक्त तिचा मार्ग लिहिलेला असतो. तो मार्ग खरा आहे की नाही, हे दुवा बनवताना संगणक तपासत नाही. चुकीची पाटीही तेवढ्याच सहज उभी राहते!

फॉन्टच्या बाबतीत, सेटिंगची मूळ फाइल 'यूएसआर' या फोल्डरच्या आत, फॉन्टकॉन्फिगच्या जागेत राहते. 'ईटीसी'मधल्या 'फॉन्ट्स'च्या आत 'कॉन्फ डॉट डी' फोल्डर आहे, तिथे तिचा फक्त दुवा ठेवतात. दुवा तुटला तर फॉन्ट संगणकावर असतो, पण सेटिंग लागू होत नाही. मराठी भलत्याच फॉन्टमध्ये दिसू शकते आणि मुलं म्हणतात, "सर, कॉम्प्युटरला मराठी येत नाही." दोष भाषेचा नसतो, पाटीचा असतो.

तीन नियम

१. क्रम लक्षात ठेवा. 'एलएन' आज्ञेला 'एस' हा पर्याय दिला की सांकेतिक दुवा तयार होतो. आधी असलेली वस्तू, मग नवीन नाव. कॉपीच्या आज्ञेत जो क्रम, तोच इथे.

२. कारखान्याचा पत्ता पाटीवर लिहू नका. समजा, सानगडीच्या चौकात लावायची पाटी साकोलीच्या पेंटरने रंगवली. त्याने पाटीवर आपल्याच दुकानाचा पत्ता लिहिला तर? पॅकेज बनवताना मेकफाइल सगळ्या फाइली आधी एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये मांडते. त्याचं नाव 'डेस्टडिर' या चलात असतं. हे नाव दुवा *कुठे ठेवायचा* तिथे लिहायचं, दुवा *कुठे दाखवतो* तिथे नाही. कारण शाळेतल्या संगणकावर ते तात्पुरतं फोल्डर नसतंच.

इथे एक गंमत आहे. पॅकेज बनवणाऱ्याच्या संगणकावर चुकीचा दुवा चालतो. उलट, मुळापासून पूर्ण मार्ग लिहिलेला बरोबर दुवा तिथे तुटल्यासारखा दिसू शकतो! म्हणून "माझ्याकडे तर चालतंय" हा पुरावा मानू नका. 'रीडलिंक' आज्ञेने पाटीवरचा मजकूर स्वतः वाचा.

३. 'उजवीकडे' म्हणजे कुणाच्या उजवीकडे? सापेक्ष मार्ग दुवा जिथे आहे तिथून मोजला जातो. आज्ञा देताना तुम्ही कुठे उभे होता, याला महत्त्व नाही. 'कॉन्फ डॉट डी'मधून मुळापर्यंत जायला तीन पायऱ्या वर चढायला लागतात. एक कमी पडली की दुवा तुटला. ही मोजणी ग्नू 'एलएन'चा 'आर' पर्याय करून देतो. डेबियनचा नियमही सोपा आहे: दोन्ही टोकं एकाच वरच्या फोल्डरमध्ये असतील तर सापेक्ष मार्ग, वेगवेगळ्या असतील तर पूर्ण मार्ग. आपल्या उदाहरणात एक टोक 'ईटीसी'त, दुसरं 'यूएसआर'मध्ये, म्हणून पूर्ण मार्ग.

दुसऱ्यांदा चालवलं तर?

दुवा आधीच असेल तर आज्ञा अडते. 'एफ' पर्याय जुना दुवा काढून नवा करतो. पण जुना दुवा एखाद्या फोल्डरकडे जात असेल, तर नवा दुवा त्या फोल्डरच्या *आत* जाऊन बसतो आणि चूक कळतही नाही. म्हणून सोबत 'एन' पर्यायही द्यावा.

मुलांसाठी कृती

वर्गात एक चिठ्ठी लिहा: "दोन बाक पुढे, मग डावीकडे." ती वेगवेगळ्या बाकांवर ठेवून मुलांना चालायला सांगा. चिठ्ठी तीच, पोचण्याची जागा मात्र वेगळी. मग "पहिली रांग, तिसरा बाक" अशी चिठ्ठी द्या. सापेक्ष आणि पूर्ण मार्गातला फरक मुलं स्वतःच सांगतील.

घरी पालकांनीही करून पाहा. मुलं चिठ्ठ्या कुठे लपवतात, ते मात्र बघत राहा!