कलेचे दरपत्रक : नवोदित चित्रकारांसाठी विपणनाचे काही धडे

वाणिज्य शाखेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात ‘विपणन’ हा विषय मी शंभर गुणांसाठी शिकलो. जेरोम मॅकार्थी यांनी १९६० साली मांडलेली वस्तू, किंमत, स्थान आणि प्रसार ही चौकट तोंडपाठ केली, साबण आणि टूथपेस्टच्या उदाहरणांनी उत्तरपत्रिका भरल्या आणि गुणही चांगले मिळविले. ही विद्या घरातल्याच एका व्यक्तीच्या कामी आणण्याची वेळ आली, तेव्हा मात्र एक गोष्ट ध्यानात आली. पुस्तकातल्या दुकानात माल आधी तयार असतो आणि गिऱ्हाईक मागाहून येते. चित्रकाराच्या बाबतीत हा क्रम उलटा आहे. गिऱ्हाईक दारात येते तेव्हा चित्र अस्तित्वातच नसते. ते विकत घेते ते केवळ एक आश्वासन : चित्र होईल, ठरल्या दिवशी होईल आणि छापण्याजोगे होईल. नव्या माणसाच्या आश्वासनावर कोणी आणि का विश्वास ठेवावा, हाच त्याच्या विपणनाचा खरा प्रश्न होय.

माझी धाकटी बहीण कोल्हापुरात उपयोजित कला शिकली. पुस्तकांची मुखपृष्ठे आणि बालसाहित्यातील चित्रे हा तिच्या आवडीचा प्रांत. पदविका घेतल्यावर दोन वर्षे तिने घरी राहून कामे केली. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस एका कार्यालयात कारकुनीची जागा सांगून आली आणि सेवानिवृत्त वडिलांनी, ‘चित्रे रविवारी काढ’, असे सुचविले. त्यांचेही चुकत नव्हते. निवृत्तिवेतनात तिघांचे भागवायचे होते. उत्तर कळविण्यास महिनाभराची मुदत होती. तो महिना ती माझ्याकडे बडोद्याला आली. त्या काळी माझी नेमणूक तेथील शाखेत होती.

बँकेच्या माणसाला गोष्टीपेक्षा पासबुक लवकर समजते. मी तिचे पासबुक मागितले. दोन वर्षांत तिने २१ कामे पूर्ण केली होती. पैकी १३ कामांचे मिळून ३१,५०० रुपये जमा झाले होते. तीन कामे ‘पैसे नाहीत, पण तुमचे नाव होईल’ या बोलीवर केलेली. चार ओळखीपाळखीत फुकट. त्यांत आमच्या शाखेच्या वर्धापनदिनाची निमंत्रणपत्रिकाही होती, जी मीच मोठ्या भावाच्या अधिकाराने तिच्याकडून करून घेतली होती. उरलेले एक काम सर्वांत मोठे, १८ हजारांचे, एका प्रकाशकाकडे आठ महिने थकलेले. हप्ता वा व्याज नव्वद दिवसांहून अधिक थकले, की आम्ही ते कर्ज अनुत्पादक ठरवितो. ती मात्र त्या देयकाला अजून ‘येणे’ म्हणत होती.

त्या रविवारी आम्ही लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातील महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात राजा रविवर्मा यांची चित्रे पाहावयास गेलो. ‘त्यांना राजाश्रय होता, दादा. त्यांचा आणि माझा काय संबंध?’ हा तिचा आक्षेप रास्त वाटेल. परंतु हिशेबाच्या नजरेने पाहिले, तर रविवर्म्यांची कारकीर्द म्हणजे विपणनाचा एक उत्तम पाठ आहे. १८७० साली त्यांना मानधनाचे पहिले काम मिळाले ते कालिकतच्या एका कुटुंबाच्या चित्राचे. १८७३ साली मद्रासच्या प्रदर्शनात त्यांच्या चित्राला सुवर्णपदक मिळाले आणि त्याच वर्षी व्हिएन्ना येथेही त्यांचा गौरव झाला. प्रदर्शने ही त्या काळची प्रशस्तिपत्रे होती; अनोळखी संस्थानिकास अनोळखी चित्रकाराची ग्वाही मिळावयाची ती तेथूनच. पुढे १८८८ मध्ये सयाजीराव महाराजांनी त्यांना १४ पौराणिक चित्रांचे काम दिले. ती पूर्ण झाल्यावर बडोदे आणि मुंबई येथे सर्वसामान्यांना पाहावयास ठेवण्यात आली आणि लोकांनी गर्दी केली. म्हणजे एका यजमानाचे काम शेकडो संभाव्य ग्राहकांच्या दृष्टीस पडले. या सर्व काळात धाकटे बंधू सी. राजराजा वर्मा त्यांच्याबरोबर प्रवास करीत, चित्रांना हातभार लावीत, व्यवहार पाहत आणि रोजनिशी लिहीत. कलावंताच्या शेजारी वही घेऊन बसणारे कोणीतरी असणे किती मोलाचे, हे त्या बंधूंकडे पाहून कळते. (येथे मी बहिणीकडे सूचकपणे पाहिले, तिने दुर्लक्ष केले.)

या कहाणीची दुसरी बाजूही तितकीच बोधप्रद आहे. तंजावरकडील मराठी घराण्यातले सर टी. माधवराव, जे त्रावणकोरचे आणि नंतर बडोद्याचे दिवाण होते, त्यांनी १८८४ साली रविवर्म्यांना पत्राने सुचविले, की मागणी एवढी असताना एका हाताने ती पुरविणे शक्य नाही. निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत प्रती छापून घ्याव्यात. अखेर १८९४ मध्ये मुंबईतच शिळाछपाईचा कारखाना निघाला. लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी घराघरांत गेल्या आणि चित्रकाराचे नाव सर्वतोमुखी झाले. पण कारखाना चालविणे हा निराळाच धंदा. मुंबईत प्लेग आला, छापखाना लोणावळ्याजवळील मळवलीस हलवावा लागला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञास विकला गेला. त्यानंतर ती चित्रे दिनदर्शिकांवर आणि मालाच्या वेष्टनांवर झळकत राहिली. कीर्ती मिळविणे आणि त्या कीर्तीचे उत्पन्न स्वतःकडे राखणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे माझ्या बहिणीला त्या दालनात पटले. मग आम्ही घरी येऊन तिच्या काळ्या पिशवीतील चित्रे जमिनीवर मांडली.

एकूण ४६ चित्रे निघाली. व्यक्तिचित्रे, निसर्गचित्रे, लग्नपत्रिका, बोधचिन्हे, महाविद्यालयातील स्थिरचित्रे. ‘मला सगळे येते, हे कळावे म्हणून’, असे तिचे स्पष्टीकरण. कर्जाच्या अर्जासोबत कोणी चाळीस अनावश्यक कागद जोडले, तर मला त्यातून भरवसा वाटत नाही, काहीतरी दडविल्याचा संशय येतो. चित्रांच्या नमुन्यांचेही तसेच. बालपुस्तकाच्या संपादकाला एक सुंदर चित्र पाहून पुरेसे कळत नाही. तीच मुलगी चौथ्या पानावर पळताना, नवव्या पानावर रडताना आणि सोळाव्या पानावर पाठमोरी असताना ओळखू येते का, हे त्याला पाहावयाचे असते. असा एकही नमुना त्या ४६ चित्रांत नव्हता! तिने दहा दिवस खर्चून एका लहानशा गोष्टीची सलग चार पाने काढली. ती चार, छापून आलेली पाच मुखपृष्ठे आणि दोन कृष्णधवल रेखाटने, अशी ११ चित्रे ठेवली. प्रत्येक पानाच्या तळाशी नाव आणि दूरध्वनी क्रमांक घातला, कारण पाने सुटी होऊन एका मेजावरून दुसऱ्या मेजावर जातात आणि मूळ पत्र मागे राहते.

याआधी तिने एकच मजकूर ६० जणांना ईमेलने पाठविला होता व उत्तर एकाचेही आले नव्हते. आता आम्ही नऊच प्रकाशने निवडली. प्रत्येकाची अलीकडची पुस्तके ग्रंथालयात वा दुकानात प्रत्यक्ष पाहिली, संपादकाचे नाव शोधले आणि तुमच्या कोणत्या मालिकेसाठी माझी चित्रे योग्य ठरतील, हे चार ओळींत लिहिले. तिघांनी उत्तर दिले. एकाने भेटीस बोलाविले. हे प्रमाण निराशाजनक वाटेल. ठेवी गोळा करण्यासाठी दारोदार फिरलेल्या सहकाऱ्यांना मात्र ते मुळीच वाईट वाटणार नाही. वेळेचेही भान हवे. दिवाळी अंकांची सजावट आषाढ-श्रावणात ठरते. आश्विनात नमुने धाडणाऱ्याचे पत्र पुढच्या वर्षीच्या फायलीतही जात नाही.

इन्स्टाग्रामविषयी दोन शब्द. ती दुकानावरची पाटी आहे आणि पाटी असलीच पाहिजे. परंतु तेथील पसंतीचे आकडे ही मागणी नव्हे. बहिणीच्या चित्रांना पसंती देणाऱ्यांत निम्मे आमचे नातेवाईक आणि उरलेले तिच्यासारखेच काम शोधणारे चित्रकार होते.

आता किमतीकडे वळू. येथे बहुतेक नवोदित कलावंत अडखळतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. तिला विचारले, मुखपृष्ठाचे दोन हजार कसे ठरविले? ‘सगळे तेवढेच घेतात.’ मग आम्ही कागद घेतला. स्वतंत्र राहावयाचे तर तिचा महिन्याचा खर्च ३० हजार. संगणक, सॉफ्टवेअर, रंग, वीज, इंटरनेट यांचे सहा हजार. आजारपण, कर आणि रिकाम्या महिन्यांची तजवीज नऊ हजार. एकूण ४५ हजार. महिन्यात कामाचे दिवस २५ धरले, तरी नवे काम शोधणे, भेटी, पत्रव्यवहार आणि वसुली यांत निम्मे जातात. पैसे मिळवून देणारे दिवस १२च उरतात. म्हणजे दिवसाचा दर ३,७५० रुपये. मुखपृष्ठाला वाचन, कच्चे आराखडे आणि अंतिम चित्र धरून तीन दिवस लागत. किंमत झाली ११,२५०. तो आकडा पाहून ती बराच वेळ गप्प होती. सुरुवातीला बाजार हा दर देईलच असे नाही, हे मीही जाणतो. पण दोन हजार सांगताना आपण नऊ हजारांची सूट देत आहोत, हे सांगणाऱ्याला तरी ठाऊक असले पाहिजे. सूट देणे हा विक्रेत्याचा निर्णय असतो. अज्ञान हा निर्णय नव्हे.

किंमत सांगितल्यावर ती लेखी द्यावी. वकिली मसुदा लागत नाही, एक पानी पत्र वा ईमेलही पुरते. चित्रे किती, दुरुस्त्या किती वेळा, आगाऊ रक्कम किती, काम मध्येच रद्द झाल्यास काय, आणि चित्र कशासाठी वापरता येईल, एवढे त्यात असावे. यातील शेवटचा मुद्दा सर्वांत दुर्लक्षित आहे. स्वामित्व हक्क कायदा, १९५७ अन्वये सामान्यतः निर्मात्याकडेच प्रथम हक्क असतो. परंतु मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेले रंगचित्र, व्यक्तिचित्र किंवा छायाचित्र असेल आणि विरुद्ध करार नसेल, तर हक्क काम सांगणाऱ्याकडे जातो. मौन हे येथे चित्रकाराच्या विरोधात धरले जाते! हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि स्वाक्षरीसह असावे लागते; त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची समजतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. हक्क दिला, तरी आपल्या कृतीवर आपले नाव सांगण्याचा अधिकार निर्मात्याकडेच राहतो. दीनानाथ दलालांची चित्रावरील सही मराठी घरांतील मुलेही ओळखत असत. तेव्हा कोपऱ्यातील सही ही केवळ हौस नाही, ती जाहिरातही आहे आणि पुरावाही.

वसुलीचा भाग आमच्या नित्याच्या कामातला असल्याने तो मी तिला अधिक उत्साहाने शिकविला. सूक्ष्म व लघु उद्योगांत सेवा व्यवसायही मोडतात आणि उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून ऑनलाइन व निःशुल्क उपलब्ध आहे. २००६ च्या कायद्यानुसार अशा नोंदणीकृत पुरवठादाराचे पैसे ठरल्या तारखेस, पण काम स्वीकारल्यापासून कमाल ४५ दिवसांत द्यावे लागतात. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज लागते. देयकावर नोंदणी क्रमांक आणि ही एक ओळ छापली, तरी लेखा विभागाची गती बदलते, असा अनुभव आहे. मात्र नोंदणी कामाच्या आधीची हवी. नंतर नोंदणी करून मागील कामावर हा हक्क सांगणे टिकत नाही.

व्यवसायाचे चालू खाते वेगळे उघडावे, मोबदला रोखीने न घेता त्यातच घ्यावा आणि उत्पन्न कमी असले तरी विवरणपत्र भरावे. देयकातून कापला गेलेला कर त्याविना परत मिळत नाही. शिवाय उद्या मुद्रा योजनेखाली अर्ज करावयाचा झाल्यास आमच्यासारख्या अधिकाऱ्यास चित्रांतले फारसे कळत नाही, नोंदी कळतात. शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळते. बहिणीला पहिल्याच दिवशी चित्रफलक-संगणकासाठी ते हवे होते. मी तिला सहा महिने थांबविले. हप्ता भरणारे काम आधी, यंत्र नंतर.

भेटीस बोलाविणाऱ्या संपादकांनी १६ चित्रांचे बालपुस्तक देऊ केले. तिने दिवसांच्या हिशेबाने अंदाजपत्रक दिले; त्यांनी निम्मी रक्कम सांगितली. पूर्वीची ती असती, तर लगेच होकार देऊन बसली असती. तिने निम्म्या रकमेत आठ चित्रे होतील, असे कळविले. दोन दिवसांनी तिच्या दराने १२ चित्रांवर सौदा ठरला आणि एक तृतीयांश रक्कम आगाऊ खात्यात आली. कारकुनीच्या जागेस नकार कळविण्याचे पत्र वडिलांनी स्वतः टपालात टाकले, मात्र त्या दिवशी ते फारसे बोलले नाहीत.

जुन्या प्रकाशकाकडील १८ हजार आले नाहीत. नोंदणी नंतरची असल्याने तो मार्ग बंद होता. वहीत आम्ही ती रक्कम निर्लेखित केली. तरीही दर महिन्याच्या पहिल्या तारखेस ती एक स्मरणपत्र धाडते. चालू खाते उघडल्यानंतर तिने पहिले देयक पाठविले ते मला : वर्धापनदिनाची निमंत्रणपत्रिका, एक दिवस, ३,७५० रुपये. लेखी करार नव्हता. मी पंधराव्या दिवसाच्या आत ते माझ्या खिशातून चुकते केले.