शाळेचा फुटबॉल संघ : पैसा कुठे लावायचा, कुठे वाचवायचा

बावीस मुलांचा शालेय फुटबॉल संघ आठ महिने नीट चालवायचा, तर पहिल्या वर्षी साधारण १ लाख ६५ हजार रुपये लागतात. म्हणजे मुलामागे साडेसात हजार. हा हिशेब कोल्हापूर-सांगलीसारख्या शहराचा आहे आणि शाळेला स्वतःचं मैदान आहे असं धरून केला आहे. पुण्या-मुंबईत आकडे वाढतील, तालुक्याच्या गावी कमी होतील. भाव दुकानागणिक बदलतात, त्यामुळे खालच्या रकमा अंदाजपत्रक मांडण्यापुरत्याच धराव्यात. खर्चाची वाटणी मात्र सगळीकडे जवळपास सारखीच राहते, आणि शाळा आणि पालक चुकतात ते तिथेच.

या पैशातला निम्मा वाटा प्रशिक्षकाचा आहे. आठवड्याला तीन दिवस, रोज दीड तास येणारा, अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचं डी परवानापत्र असलेला प्रशिक्षक महिन्याला आठ ते पंधरा हजार रुपये घेतो. मी दहा हजार धरले. आठ महिन्यांचे ८० हजार झाले. बैठकीत कात्री लागते ती नेमकी याच रकमेला. ‘आपले पीटीचे सर घेतील की’ असं म्हणून विषय संपतो आणि उरलेले पैसे जर्सी, ट्रॅकसूट आणि बॅगांवर जातात. असं होऊ देऊ नका. संघ उभा राहतो तो सरावात, आणि सराव कसा होईल हे तो घेणाऱ्यावर अवलंबून असतं.

पीटीच्या सरांनी संघ घेण्यात वावगं काहीच नाही. उलट मुलांना घरापासून ओळखणारा, शाळेत दिवसभर असणारा माणूस बाहेरच्या प्रशिक्षकापेक्षा जास्त उपयोगाचा ठरतो. फक्त त्यांना शिकायला पाठवा. डी परवान्याचा अभ्यासक्रम सहा दिवसांचा असतो. शुल्क, प्रवास, राहणं-जेवण धरून पंधरा-वीस हजार रुपये बाजूला ठेवावेत. शिवाय शाळा सुटल्यावर ते दीड तास थांबणार, त्याचं मानधन द्यायलाच हवं. महिन्याला दोन हजार तरी. या वाटेने गेलात तर पहिल्या वर्षाचा खर्च १ लाख २१ हजारांवर येतो, मुलामागे साडेपाच हजार. शिकलेलं ज्ञान शाळेतच राहतं, हा वेगळा फायदा.

बारा चेंडू का हवेत

संध्याकाळी कुठल्याही शाळेच्या मैदानावर जाऊन पाहा. गोलसमोर बावीस मुलं रांगेत उभी असतात. पुढचा मुलगा चेंडू मारतो, तो बाहेर जातो, कुणीतरी धावत आणतो, मग दुसऱ्याची पाळी. एका पाळीला दहा-बारा सेकंद धरले तरी शेवटच्या मुलापर्यंत चेंडू यायला चार मिनिटं लागतात. तासभर हाच सराव चालला तर प्रत्येकाच्या वाट्याला चेंडूचा जेमतेम पंधरा वेळा स्पर्श येतो. बाकीचा वेळ तो उभा असतो, आणि पालक मैदानाच्या कडेला बसून सराव छान चालला आहे असं समजत असतात.

आता तीच मुलं चार गटांत विभागा. फक्की टाकून आठ-आठ मीटरचे चार चौकोन आखा. प्रत्येक चौकोनात चार मुलं कडेला, एक किंवा दोन मध्ये. कडेच्यांनी चेंडू फिरवायचा, मधल्यांनी तो हिसकावायचा. ज्याच्याकडून चेंडू गेला तो मध्ये येतो. पाच मिनिटांत प्रत्येक मुलाचे कितीतरी पास होतात, आणि पास येण्याआधी मान वळवून बघायची सवय लागते. ती सवय रांगेत उभं राहून कधीच लागत नाही. त्यानंतर चार विरुद्ध चार किंवा पाच विरुद्ध पाच असे छोटे सामने, छोट्या गोलांवर. अकराचा पूर्ण सामना आठवड्यातून एकदा पुरे.

यासाठी चेंडू भरपूर लागतात. सरावाचा टिकाऊ चेंडू निव्हिया किंवा कॉस्कोचा पाचशे ते सातशेला मिळतो. बारा चेंडूंचे ७,२०० धरा. सामन्यासाठी चांगले दोन, त्यांचे ३,६००. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या सरावाला चार नंबरचा चेंडू घ्या. त्याचा घेर ६३.५ ते ६६ सेंटिमीटर आणि वजन ३५० ते ३९० ग्रॅम असतं. मोठ्यांचा पाच नंबरचा ६८ ते ७० सेंटिमीटरचा आणि ४१० ते ४५० ग्रॅमचा असतो. बारा वर्षांच्या पायाला हा फरक चांगलाच जाणवतो. पाच नंबरचा चेंडू ‘पुढेही चालेल’ म्हणून आधीच घेतला, तर पोरं पायाच्या टोकाने मारायला शिकतात आणि ती खोड मोडायला वर्ष जातं. हवा भरताना पंपाची सुई थुंकी किंवा ग्लिसरीन लावून ओली करा. कोरडी सुई घुसवल्याने व्हॉल्व्ह फाटतो, आणि शाळेतले बरेच चेंडू त्यामुळेच बाद होतात.

उरलेलं साहित्य झटपट सांगतो. जमिनीवर ठेवायच्या चपट्या कोनांचा संच पाचशेला, बारा बिब तेराशेला, पंप आणि चेंडूंची जाळी मिळून पाचशे, गोलच्या जाळ्यांची जोडी सुमारे २,८००, गोलकीपरच्या हातमोज्यांचे दोन जोड १,२००, प्रथमोपचार पेटी दीड हजार. वरच्या चेंडूंसह सगळं एकोणीस हजारांच्या आत बसतं. सरावाचे चार छोटे गोल लोखंडी पाइपचे, वेल्डिंगवाल्याकडून करून घेतले की सहा हजार. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात हे काम सहज होतं. पायांना जमिनीत ठोकायच्या खुंट्या आणि मागे वाळूच्या गोण्या ठेवायची सोय करायला विसरू नका. सैल उभा केलेला लोखंडी गोल मुलाच्या अंगावर उलटला की जीव जाऊ शकतो. मुलांना आडव्या दांडीला लोंबकळू देऊ नये, हा नियम पहिल्याच दिवशी सांगा आणि पाळायला लावा.

चपळाईची शिडी, पायाला बांधायचे रबरी पट्टे, पाठीला लावायचं छोटं पॅराशूट, यातलं काहीही घेऊ नका. शाळेच्या पातळीवर त्याची गरज नाही.

दुखापती टाळायचा सगळ्यात चांगला उपाय तर फुकट आहे. फिफाने तयार केलेला ‘११ प्लस’ हा वीस मिनिटांचा वॉर्मअप जगभर वापरतात. धावणं, तोल सांभाळणं, पोट आणि मांड्यांची ताकद, उडी मारून गुडघे वाकवून उतरणं, असे त्यातले व्यायाम आहेत. साहित्य लागत नाही. मैदानाला दोन फेऱ्या मारायला लावण्याऐवजी रोज हा करून घ्या. गुडघा आणि घोटा मुरगळण्याचं प्रमाण खरोखरच कमी होतं.

बूट, जर्सी आणि गाडी

बूट पालकांच्या खिशातून येतात, त्यामुळे मी ते संघाच्या खर्चात धरलेले नाहीत. पण पैसे वाया जाण्याची शक्यता इथे सर्वात जास्त. आपल्याकडची बहुतेक मैदानं मुरमाची आणि दहा महिने टणक. त्यावर लांब स्टड घातले की मुलांच्या टाचा दुखू लागतात. तळव्याला बारीक, पुष्कळ रबरी स्टड असलेला बूट घ्या. सातशे ते बाराशेत चांगला मिळतो. ‘वाढता पाय आहे’ म्हणून दोन नंबर मोठा घेऊ नका. अंगठ्यापुढे करंगळीच्या जाडीएवढी जागा ठेवली की झालं. पावसाळ्यात भिजलेले बूट उन्हात किंवा चुलीजवळ न ठेवता आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत वाळवले तर दोन हंगाम जातात. शिनगार्ड दीडशे-तीनशेला मिळतात आणि खेळाच्या नियमांनुसार ते बंधनकारक आहेत. सरावालाही ते हवेतच.

जर्सी, चड्डी, मोजे मिळून साडेपाचशेत छापून मिळतात. बावीस संचांचे १२ हजार झाले. हे संच शाळेच्या मालकीचे ठेवा, सामन्यानंतर परत घ्या, धुऊन नंबरवारी लावून ठेवा. त्यावर मुलांची नावं छापू नका. मग पुढच्या वर्षी हा खर्चच येत नाही.

प्रवासाला पंधरा हजार ठेवले आहेत. बाहेरगावी सामना असला की टेंपो ट्रॅव्हलर करायची पद्धत आहे. ठरवण्याआधी किमान किलोमीटर विचारून घ्या. गाडीवाले दिवसाला अडीचशे-तीनशे किलोमीटर धरतात. तुम्ही कोल्हापूर-सांगली जाऊन-येऊन शंभर किलोमीटरच फिरलात तरी बिल तीनशेचं येतं, म्हणजे सहा-साडेसहा हजार. तेवढाच प्रवास एसटीने कमी पैशांत होतो. मुलींचा संघ असेल तर मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मं तिकीट आहे, खर्च आणखी उतरतो. पैसे नाहीत म्हणून मुलींचा संघ काढत नाही असं सांगणाऱ्या शाळांनी एकदा हा हिशेब मांडून पाहावा.

सरावानंतरचं खाणं हा मला महत्त्वाचा वाटणारा खर्च. दुपारी बाराला डबा खाल्लेलं मूल साडेपाचला धावून दमतं आणि साडेसातला घरी पोचतं. एक केळं आणि मूठभर गूळ-शेंगदाणे, मुलामागे दहा रुपये. सुमारे शहाण्णव सत्रांचे एकवीस हजार होतात. एखाद-दोन गैरहजर धरून मी वीस हजार लिहिले. तयार एनर्जी ड्रिंक आणू नका. पाणी आणि उकाड्याच्या दिवसांत लिंबू-मीठ-साखरेचं सरबत पुरतं. याशिवाय प्रवेश शुल्क आणि कागदपत्रांना पाच, समूह अपघात विम्याला तीन, मैदानाची सपाटी, फक्की, पाणी मारणं यांना पाच हजार. बेरीज १ लाख ६५ हजारांवर येते.

भाड्याच्या टर्फवर सराव घ्यायचा मोह टाळा. तासाला हजार रुपये धरले, तरी तीन दिवस दीड-दीड तास म्हणजे आठ महिन्यांचे जवळपास दीड लाख. एवढ्यात दुसरा अख्खा संघ निघतो. धुवाधार पावसाच्या आठवड्यात एखाद-दुसरा तास घ्या, तेवढा ठीक.

दुसऱ्या वर्षी गोल, जाळ्या, जर्सी आहेतच. निम्मे चेंडू नवे आणि किरकोळ दुरुस्ती मिळून सहा हजार. बाहेरचा प्रशिक्षक असेल तर एकूण १ लाख ३४ हजार, शाळेचेच शिक्षक असतील तर सत्तर हजार. मुलामागे तीन हजार दोनशेच्या आसपास. मोठ्या शहरांतल्या खासगी अकादमीत एवढे पैसे एक-दोन महिन्यांत जातात.

पैसे कुठून आणायचे, आणि कशासाठी

जिल्हा परिषद, महापालिका यांसारख्या सरकारी शाळांना समग्र शिक्षा योजनेतून क्रीडा साहित्यासाठी दरवर्षी अनुदान असतं : प्राथमिकला ५ हजार, उच्च प्राथमिकला १० हजार आणि माध्यमिकला २५ हजारांपर्यंत. ते कशावर खर्च झालं हे शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांनी आवर्जून विचारावं. क्रीडांगण विकासासाठीच्या अनुदानाची चौकशी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात होते. कोल्हापुरात आणखी एक दार आहे, ते म्हणजे तालमी-मंडळांचे फुटबॉल संघ. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब अशा संघांनी शाहू स्टेडियमवरचा फुटबॉल पिढ्यान्‌पिढ्या जिवंत ठेवला आहे. त्यांचे जुने खेळाडू पेठेतल्या शाळेत आठवड्यातून एकदा यायला बहुतेक वेळा आनंदाने तयार होतात. विचारायला मुख्याध्यापकांनी स्वतः जावं.

स्पर्धांमध्ये शासनाच्या शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या गटांत होतात. १९६० पासून चालणारा सुब्रोतो मुखर्जी चषक तालुका-जिल्ह्यापासून सुरू होऊन दिल्लीपर्यंत जातो. मुंबईतल्या शाळांना १८९३ पासूनच्या मुंबई शालेय क्रीडा संघटनेच्या स्पर्धा आहेत. वयाच्या कागदांत लबाडी करू नका. वरच्या पातळीवर वैद्यकीय वयचाचणी होते, संघ बाद होतो, आणि खरं वय लावून खेळलेल्या पंधरा मुलांची वर्षभराची मेहनत त्यात बुडते. जन्मदाखला, आधार, बोनाफाईड यांची फाइल जूनमध्येच तयार ठेवा.

बाराव्या-तेराव्या वर्षापर्यंत मुलांच्या जागा फिरवत राहा. उंच आहे म्हणून कायमचा बचावात, जाड आहे म्हणून गोलमध्ये, असं करू नका. सगळ्यात चपळ दोघांना पुढे ठेवून लांब चेंडू मारत राहिलं की तालुक्याचे सामने जिंकता येतात. पुढे शिकलेले संघ भेटले की ते जमत नाही, आणि तोवर बाकीच्या नऊ जणांना पास देणं आलेलं नसतं. प्रत्येक मुलगा दर सामन्यात थोडा तरी खेळला पाहिजे, मित्रत्वाच्या सामन्यांत निम्मा वेळ. ज्या पालकांनी साडेसात हजार भरले त्यांचं मूल वर्षभर बाकावर बसलं, तर तो खर्च कशाचा झाला? २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला. असा एखादाच निघतो. बाकीच्या एकवीस जणांसाठीही हा संघ तितकाच आहे, हे प्रशिक्षक नेमतानाच त्यांच्याशी बोलून घ्या.

बावीसपैकी चार जागा बिनशुल्क ठेवा आणि तो भार उरलेल्या अठरांवर वाटा. मुलामागे वर्षाला साधारण सतराशे रुपये वाढतात. त्या चौघांचे बूट आणि शिनगार्डही संघाच्या खर्चातून घ्या. कोण बिनशुल्क आहे हे मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षक यांच्यापलीकडे कुणाला कळू नये. शुल्काची यादी फलकावर लावू नका. जमाखर्च मात्र दर तिमाहीला सगळ्या पालकांना पावत्यांसह दाखवा.