सावळ्या त्वचेवरील गाजरगवताची ॲलर्जी कशी ओळखावी?

पाऊस पडला की बारामती व इंदापूर तालुक्यांत बांध, चारीचे काठ आणि पडीक राने गाजरगवताने भरून जातात. या तणाकडे भारतात प्रथम लक्ष गेले ते १९५५ च्या सुमारास पुण्यातच. हे तण पिकाबरोबर माणसालाही अपाय करते. त्यातील पार्थेनिन या द्रव्यामुळे त्वचेची ॲलर्जी जडते. अनेक वर्षे गवत उपटूनही काही न झालेल्या माणसाला ती पुढे केव्हाही होऊ शकते.

लालीची वाट पाहू नका

ॲलर्जी झाली की कातडी लाल होते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु सावळ्या किंवा काळ्या कातडीवर लाली झाकली जाते. चट्टा जांभळट, राखी किंवा गडद तपकिरी दिसतो. 'उन्हाने रापलो' असे समजून दुर्लक्ष होते व आजार जुनाट होतो. म्हणून रंगापेक्षा पुढील खुणा पाहाव्यात.

१) स्पर्श : चांगल्या उजेडात चट्ट्यावरून बोट फिरवावे. कातडी जाड, खरखरीत लागते किंवा बारीक पुरळ हाताला जाणवते. खाज बरीच असते.

२) जागा : पापण्या, मान, कोपराची व गुडघ्यामागील घडी येथे त्रास जास्त होतो. केवळ उन्हाचा त्रास सहसा वरच्या पापण्या, कानामागील भाग व हनुवटीखालची जागा सोडतो. हवेतून उडणारा गवताचा भुगा मात्र तेथेही बसतो.

३) वेळ : खुरपणीनंतर एक-दोन दिवसांत खाज वाढते. काही दिवस परगावी राहिल्यास कमी होते.

इतर रोगांशी गल्लत नको

नायट्याची कड उठावदार व मधला भाग साफ असतो. खरजेत बोटांच्या बेचक्यात पुरळ येते, रात्री खाज वाढते व घरातील इतरांनाही होते. फिकट किंवा तांबूस चट्टा बधिर असेल, तर कुष्ठरोगाची तपासणी त्वरित करावी. त्यावरील औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

खात्रीची तपासणी

त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर औषधी पट्ट्या लावून 'पॅच टेस्ट' करतात. पट्ट्या ४८ तासांनी काढतात व पुढे एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात. सावळ्या पाठीवर लाली नीट दिसत नसल्याने जागा बोटाने चाचपणे महत्त्वाचे असते. पुण्याच्या ससून रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे. जाताना वापरातील मलमे व फवारणीच्या औषधांची नावे लिहून न्यावीत, कारण कीटकनाशके व रबरी हातमोजे यांचीही ॲलर्जी असू शकते.

काय करावे?

• गाजरगवत फुलोऱ्यापूर्वी, ओल असताना मुळासह उपटावे. हातमोजे व पूर्ण बाह्यांचा सदरा वापरावा. ज्यांना ॲलर्जी आहे त्यांनी हे काम करू नये.

• शेतातून आल्यावर अंग धुवावे. कामाचे कपडे वेगळे धुवावेत.

• दुकानातून परस्पर स्टिरॉइडचे मलम आणू नये. नायटा असल्यास तो त्याने दबतो आणि पसरतो.

• बरे झाल्यावरही काळा डाग काही महिने राहतो. खाज व खरखर नसेल तर तो रोग नव्हे. गोरेपणाची मलमे लावू नयेत.

• ओठ-डोळे सुजणे किंवा दम लागणे ही धोक्याची खूण आहे. रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.