घटक ३ : एचआयव्ही संक्रमणाचे बदलते स्वरूप

रुग्णालयात नव्याने निदान झालेल्या व्यक्तींच्या नोंदींवरून संक्रमणाचे स्वरूप कसे समजून घ्यावे, याचा विचार आपण या घटकात करणार आहोत.

३.१ प्रारंभीचा समज

भारतात एचआयव्हीचा संसर्ग १९८६ मध्ये चेन्नई येथे देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमध्ये प्रथम आढळला. त्यातून ‘जोखमीचे गट’ ही संकल्पना रूढ झाली आणि संसारी स्त्री या आजारापासून सुरक्षित आहे, असे गृहीत धरले गेले.

३.२ पुण्यातील अभ्यास

१९९३ ते १९९६ या काळात पुण्यातील गुप्तरोग चिकित्सालयांत आलेल्या ९१६ स्त्रियांचा अभ्यास डॉ. रमण गंगाखेडकर व सहकाऱ्यांनी केला. तो १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ३९१ स्त्रिया देहविक्रय करणाऱ्या नव्हत्या. तरीही त्यांच्यातील १३.६ टक्के स्त्रिया बाधित आढळल्या. एकनिष्ठ विवाहित स्त्रीलाही पतीकडून संसर्ग होऊ शकतो, हे यातून स्पष्ट झाले. मात्र हे प्रमाण चिकित्सालयात आलेल्या स्त्रियांचे आहे. सर्व स्त्रियांना ते लागू करता येत नाही.

३.३ इतर मार्ग

१ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्तदान करण्यावर बंदी आली. रक्ताच्या सक्तीच्या तपासणीमुळेही या मार्गाने होणारा प्रसार घटला. मातेकडून बालकास होणारा संसर्ग उपचारांअभावी १५ ते ४५ टक्के असतो. योग्य उपचारांनी तो ५ टक्क्यांहून खाली आणता येतो.

३.४ नोंद वाचताना

‘नवे निदान’ म्हणजे ‘नवा संसर्ग’ नव्हे. लक्षणे दिसण्यापूर्वी अनेक वर्षे जाऊ शकतात. शिवाय संसर्गाचा मार्ग रुग्णाच्या सांगण्यावरून नोंदवला जातो. भीतीपोटी तो लपवलाही जातो.

समजा, आंबागडसारख्या गावातील गर्भवतीची तपासणी झाली आणि ती बाधित आढळली. पतीची तपासणी त्यानंतर होते. नोंदीत तिचे नाव आधी येते, म्हणून घरात दोषही तिच्यावरच येतो. वस्तुतः निदानाचा क्रम हा संसर्गाचा क्रम नसतो. म्हणूनच १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेल्या कायद्याने संमतीविना तपासणी करण्यास व माहिती उघड करण्यास सर्वसाधारणपणे मनाई केली आहे.

स्वयंअध्ययन प्रश्न : निदानाचा क्रम व संसर्गाचा क्रम यांतील फरक आपल्या शब्दांत स्पष्ट करा.