मैलापाण्याचे मूक सेवक

मराठवाड्यातून निघालेली रेल्वेगाडी हैदराबादच्या काचीगुडा स्थानकात येऊन थांबते, तेव्हा जालना, परभणी, नांदेड या भागांतील शेकडो प्रवासी फलाटावर उतरतात. १९१६ साली उभारण्यात आलेल्या या स्थानकाशी आपला संबंध निजामी राजवटीपासूनचा आहे. तथापि या प्रवाशांसमवेत आणखी एक समुदाय प्रवास करीत आलेला असतो, याची जाणीव फार थोड्यांना असते. प्रत्येक डब्याच्या शौचालयाखाली एक पोलादी टाकी बसविलेली असून तीत कोट्यवधी जीवाणू अहोरात्र कार्यरत असतात.

पूर्वी गाडीतील मैला थेट रुळांवर पडत असे. त्यामुळे रूळ गंजत, स्थानके दुर्गंधीने भरून जात आणि ती घाण अखेरीस कोणा तरी माणसाला आपल्या हाताने काढावी लागे. अतिथंड प्रदेशातील लष्करी ठाण्यांवर मैला कुजत नाही, या अडचणीवर संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या शास्त्रज्ञांनी जीवाणूंच्या साहाय्याने उपाय शोधला. त्याच पद्धतीत योग्य ते बदल करून २०११ साली ग्वाल्हेर-वाराणसी मार्गावरील बुंदेलखंड एक्सप्रेसमध्ये जैव-शौचालये प्रथम बसविण्यात आली व पुढे ती देशभरातील गाड्यांत आली. टाकीतील जीवाणू मैल्याचे रूपांतर मुख्यतः पाणी, मिथेन आणि कार्बन डाय-ऑक्साइड यांत करतात.

हे जीवाणू निष्ठावान सेवक खरे. परंतु त्यांच्याही काही अटी असतात. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांच्या २०१७ मध्ये संसदेपुढे ठेवण्यात आलेल्या अहवालात जैव-शौचालये तुंबल्याच्या एक लाखाहून अधिक प्रसंगांची नोंद आहे. बाटली, चहाचा पेला, गुटख्याची पुडी या वस्तू कोणताही जीवाणू पचवू शकत नाही. जे डब्याखालच्या टाकीचे, तेच शहराच्या भुयारी गटाराचे.

मैला कसा पचतो?

मैला पचविणाऱ्या जीवाणूंचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गाला प्राणवायू लागतो. पाण्यात हवा खेळती ठेवली की ते झपाट्याने वाढतात व घाण खाऊन तिचा गाळ बनवितात. १९१४ साली इंग्लंडमधील मँचेस्टर येथे आर्डर्न व लॉकेट या संशोधकांनी हा जिवंत गाळ पुनःपुन्हा वापरण्याची पद्धती जगापुढे मांडली. दुसऱ्या वर्गाला प्राणवायू वर्ज्य असतो. बंद टाकीत तो संथपणे काम करतो आणि जळाऊ वायू निर्माण करतो.

या दुसऱ्या वर्गाच्या उपयोगाचे एक फार जुने उदाहरण आपल्या मुंबईतच आहे. माटुंगा येथील कुष्ठधामात १८९७ च्या सुमारास मैल्याच्या टाक्यांवर वायू साठविण्याची सोय करून त्या वायूवर यंत्र चालविण्यात आले होते. समाजाने ज्यांना दूर लोटले, त्यांच्या वस्तीतून हा धडा मिळावा, ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

स्निग्ध पदार्थांची अडचण

स्थानकाबाहेर पाऊल टाकताच उपाहारगृहे, मिठाईची दुकाने आणि खाद्यपदार्थांच्या गाड्या दृष्टीस पडतात. पहाटेपासून वडे, पुऱ्या व भजी तळली जातात. रात्री उशिरापर्यंत भांडी घासली जातात. त्या भांड्यांचे तेल-तूप गरम पाण्याबरोबर मोरीत जाते. मोरीत ते पातळ असते. गटारात थंड होताच थिजते. पाण्यातील व सिमेंटच्या नळातील चुन्याशी त्याचा संयोग होऊन साबणासारखा कठीण थर तयार होतो. त्यात भात, केस, चिंध्या व प्लास्टिक अडकते आणि नळाचे तोंड दिवसेंदिवस अरुंद होत जाते. एके दिवशी मॅनहोलचे झाकण उचलले जाऊन मैलापाणी रस्त्यावर वाहू लागते.

जीवाणू स्निग्ध पदार्थही पचवितात. बॅसिलस कुळातील कित्येक जीवाणू लायपेज नावाचे विकर स्रवतात. ते तेलाचे विभाजन ग्लिसरीन व मेदाम्ले यांत करते आणि जीवाणू ती खाऊन टाकतात. मात्र या कामाला वेळ लागतो आणि गटारातून धावणारे पाणी तेवढा वेळ देत नाही. म्हणून तेलाला उगमापाशीच अडविणे अगत्याचे ठरते.

याकरिता स्वयंपाकघर व गटार यांच्या मध्ये 'ग्रीस ट्रॅप' बांधतात. ही आडव्या पडद्यांची साधी टाकी असते. तीत पाण्याचा वेग मंदावतो, तेल वर तरंगते, खरकटे तळाशी बसते आणि मधले पाणी पुढे जाते. वरचा थर व तळाचा गाळ मिळून टाकीच्या खोलीचा चौथा हिस्सा व्यापू लागले, की ती उपसलीच पाहिजे, असा सर्वमान्य दंडक आहे.

बाटलीतील जीवाणू : उपयोग आणि मर्यादा

बाजारात अशा जीवाणूंची भुकटी व द्रावणे मिळतात. त्यांचा उपयोग होतो; परंतु काही गोष्टी ध्यानात ठेवल्या तरच. जीवाणू सजीव असल्याने त्यांना कोमट तापमान मानवते; उकळते पाणी त्यांना मारक ठरते. ब्लीचिंग पावडर, फिनेल, आम्ल व कॉस्टिक सोडा यांनी ते मरतात. सकाळी जीवाणू सोडावयाचे आणि सायंकाळी त्याच मोरीत फिनेल ओतावयाचे, हे म्हणजे पेरलेल्या शेतावर नांगर फिरविण्यासारखे आहे. म्हणून दिवसाचे काम आटोपल्यावर, पाण्याची वाहतूक थांबली की रात्री ते टाकीत सोडावेत.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. केवळ विकरे किंवा साबणयुक्त द्रव्ये असलेली औषधे तेल पचवीत नाहीत, ती फक्त सुटे करतात. आपली मोरी तात्पुरती स्वच्छ होते; परंतु तेच तेल चार घरे पुढे जाऊन पुन्हा थिजते. आपले संकट शेजाऱ्याच्या दारी लोटणे, याला शुद्धीकरण म्हणता येणार नाही. यास्तव जीवाणू हे टाकी उपसण्याच्या कामाला साहाय्यकारी समजावेत, पर्याय समजू नयेत.

अंबरपेठचा अनुभव काय सांगतो?

हैदराबादच्या सांडपाण्याचा शास्त्रशुद्ध विचार १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरानंतर सुरू झाला. २८ सप्टेंबर १९०८ च्या त्या पुरात हजारो माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर निजाम सरकारने पाचारण केले ते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शिकलेल्या आणि मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात कीर्ती मिळविलेल्या या अभियंत्याने पूरनियंत्रणाबरोबरच शहराच्या भुयारी गटारांचाही आराखडा दिला.

काचीगुड्याच्या पूर्वेस, त्याच मुसीच्या काठी, अंबरपेठ येथे आता मोठे मैलापाणी शुद्धीकरण केंद्र आहे. दररोज ३३९ दशलक्ष लिटर क्षमतेचे हे केंद्र उभारताना प्राणवायूविना काम करणाऱ्या जीवाणूंची पद्धती निवडण्यात आली. मैलापाणी उंच टाकीच्या तळातून आत सोडतात. जीवाणूंनी भरलेल्या दाट गाळाच्या थरातून ते हळूहळू वर चढते. जीवाणू घाण पचवितात आणि निघालेला वायू वर गोळा होतो. नेदरलँड्समध्ये १९७० च्या दशकात विकसित झालेली ही पद्धती आपल्या उष्ण हवेला विशेष मानवते. कानपूर येथे १९८९ मध्ये तिचा भारतातील आरंभीचा प्रयोग करण्यात आला.

या पद्धतीचा एक शत्रू मात्र स्निग्ध पदार्थ हाच आहे. तेलातील मेदाम्ले गाळाच्या कणांवर लेप चढवितात. जीवाणूंना अन्न मिळेनासे होते, कण हलके होऊन तरंगू लागतात आणि पाण्याबरोबर वाहून जातात. म्हणजे एका कढईतील उरलेले तेल मोरीत ओतणारा मनुष्य नकळत लाखोंची सेवा करणाऱ्या जीवाणूंचा घास काढून घेत असतो.

यंत्र, कायदा आणि माणूस

जीवाणूंना जे जमत नाही, ते कोणाच्या वाट्याला येते? तुंबलेल्या मॅनहोलमध्ये हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू साचलेला असतो. प्रारंभी त्याला सडक्या अंड्यांसारखा वास येतो. परंतु प्रमाण वाढताच तो घ्राणेंद्रियच बधिर करतो आणि वास थांबला म्हणून धोका टळला असे समजणारा माणूस तेथेच कोसळतो. त्याला वाचविण्यासाठी उतरलेला दुसराही पुष्कळदा परत येत नाही.

संरक्षक साधनांवाचून माणसास गटारात उतरविणे २०१३ च्या अधिनियमाने दंडनीय ठरविले आहे. अशा मृत्यूंबद्दल वारसांना दहा लाख रुपये देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला. २०२३ मध्ये ही रक्कम तीस लाख करण्यात आली. हैदराबादमध्ये २०१७ साली अरुंद गल्ल्यांतही जाऊ शकणारी पाण्याच्या दाबाची सत्तर लहान यंत्रवाहने गटार सफाईसाठी आणण्यात आली. पुण्यात स्थापन झालेल्या दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री या संस्थेचे या उपक्रमास सहकार्य लाभले, ही आपल्या दृष्टीने विशेष समाधानाची बाब होय. माणसाच्या जागी यंत्र आले आणि त्या यंत्राचे स्वामित्वही नव्या उद्योजकांच्या हाती आले.

आपण काय करावे?

प्रत्येक गृहिणीने व उपाहारगृहाच्या चालकाने पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात :

१. तेलकट भांडी धुण्यापूर्वी कागदाने पुसून घ्यावीत व तो कागद कचऱ्यात टाकावा.

२. तळणीचे उरलेले तेल मोरीत ओतू नये. १ जुलै २०१८ पासून एकूण ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांहून अधिक असलेले तेल पुन्हा तळणीस वापरण्यास मनाई आहे. असे तेल साठवून बायोडिझेलसाठी गोळा करणाऱ्यांकडे द्यावे.

३. उपाहारगृहांनी ग्रीस ट्रॅप बसवून तो ठरलेल्या दिवशी उपसावा आणि उपशाची नोंदवही ठेवावी.

४. जीवाणू वापरत असल्यास त्याच मोरीत फिनेल व ब्लीचिंग पावडर टाकू नये.

५. गटार तुंबल्यास माणूस खाली उतरविण्याचा आग्रह कदापि धरू नये. यंत्राचीच मागणी करावी.

हा काही केवळ काचीगुड्याचा प्रश्न नव्हे. नांदेड असो, नागपूर असो वा कोल्हापूर, प्रत्येक शहराच्या पोटात हीच गटारे आहेत आणि त्यांत हेच मूक सेवक राबत आहेत. ते वेतन मागत नाहीत, रजा घेत नाहीत. त्यांच्या वाट्याला त्यांना पचेल एवढेच आपण दिले, तर उरलेल्या घाणीसाठी कोणा आईच्या मुलाला अंधाऱ्या मॅनहोलमध्ये उतरावे लागणार नाही. स्वच्छतेचे खरे मोजमाप रस्त्याच्या झगमगाटावर ठरत नसते. ते करावयाचे तर याच कसोटीवर करावे लागेल.