वाळवंटातलं गोडं पाणी

‘ओअॅसिस’ला मराठीत आपण मरूद्यान म्हणतो. मरु अधिक उद्यान, दीर्घ संधी. परीक्षेत गुण मिळतात आणि शब्द तिथेच राहतो. डोळ्यांपुढे येतात ते खजूर, उंट आणि सहारा. आपल्या गोव्यात असलं काही नाही असं आपण धरून चालतो. वाळू आणि गोडं पाणी यांची जोडी आपल्या पेडणे तालुक्यातच आहे, हे ह्या लेखात दाखवायचा माझा प्रयत्न आहे.

आधी शब्द बघू. ‘वाळवंट’ हा शब्द आज आपण ‘डेझर्ट’साठी वापरतो. पण वारकरी चंद्रभागेच्या वाळवंटात नाचतात, तिथे पाण्याच्या दुष्काळाचा विचार कोणाच्या मनात येत नाही. नदीकाठची वाळूची मोकळी जागा, हाही त्याचा अर्थ आहे. आपल्या डिचोली तालुक्यात तर नदीचंच नाव वाळवंटी! साखळीतून वाहणारी ही मांडवीची उपनदी. विठ्ठलापूरला तिच्या काठी विठ्ठलाचं देऊळ आहे आणि त्रिपुरारी पौर्णिमेला तिच्या पात्रात सजवलेल्या नौका सोडतात. म्हणजे आपल्या भाषेत वाळवंट पाण्याच्या शेजारीच नांदतं.

आता प्रत्यक्ष जागा. डिसेंबरात मी पेडण्याहून बसने हरमलला एकटाच गेलो. वाळू बघत तासन् तास उभं राहायचं तर एकटं गेलेलंच बरं! हरमलच्या किनाऱ्यावरून उत्तरेला खडकाळ टेकडीच्या कडेने पायवाट जाते. ती संपते तिथे डाव्या हाताला समुद्र, उजव्या हाताला गोड्या पाण्याचं तळं आणि मध्ये वाळूची अरुंद पट्टी. बोट बुडवून जिभेला लावलं, खारटपणा नाही. डोंगराकडून येणारं पाणी ह्या तळ्यात उतरतं. पावसात जांभा दगड पाणी पितो आणि पुढे कित्येक महिने झऱ्यांतून ते सोडत राहतो.

दुपारनंतर दक्षिणेला मांद्रे, आश्वे, मोरजी असा किनारा धरून चाललो. इथे वाळूच्या टेकड्या आहेत. वाऱ्याने उडालेली कोरडी वाळू मर्यादवेलीत अडकते, वेल त्या वाळूवर पुन्हा चढते, आणि अशी वर्षानुवर्षं टेकडी वाढते. मर्यादवेल हे नावच किती नेमकं आहे! समुद्राची मर्यादा दाखवणारी वेल. तिच्यामागे झुडपं, केवडा, आणि त्याच्यामागे माड, घरं, विहिरी.

समुद्राच्या इतक्या जवळ विहिरीचं पाणी गोडं कसं? टेकडीवर पडलेला पाऊस वाळूत मुरतो. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून ते जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगतं. ठोकताळा असा, की गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा १ मीटर वर असेल, तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडं पाणी असू शकतं. हाच हिशेब उलटही चालतो. वरची पातळी थोडी जरी उतरली, तरी खालून खारं पाणी बरंच वर येतं.

मांद्र्यात विहिरीवर पाणी काढणाऱ्या एका आजोबांना मी विचारलं, “आजोबा, पाणी कधी खारट होतं का?” ते म्हणाले, “रेंव काडली जाल्यार उदक खारें जातलें, बाबा.” वरच्या परिच्छेदात मला जे सांगायला इतक्या ओळी लागल्या, ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

पेरू देशात इका शहराजवळ वाकाचीना नावाचं खरंखुरं मरूद्यान आहे. उंच वाळूच्या टेकड्या आणि मध्ये तळं. पेरूच्या ५० सोलच्या नोटेवर त्याचं चित्र छापलं होतं. आसपासच्या विहिरींनी जमिनीतलं पाणी इतकं उपसलं, की तळं आटू लागलं आणि बाहेरून पाणी आणून त्यात सोडावं लागलं. चित्रातलं तळंसुद्धा आटू शकतं.

आपल्याकडे कायदा आहे. किनारी नियमन क्षेत्राच्या २०११ आणि २०१९ च्या अधिसूचनांत वाळूच्या टेकड्या सर्वांत कडक संरक्षणाच्या वर्गात आहेत. मोरजी आणि मांद्र्याला सागरी कासवं अंडी घालायला येतात, तीही ह्याच वाळूत. तरीही समुद्र नीट दिसावा म्हणून टेकडी सपाट करायची आणि नंतर पाण्याच्या टँकरची वाट बघायची, असं चालूच असतं. टेकडी म्हणजे रिकामी जागा, असं एकदा मनात बसलं की कायद्याचाही फारसा उपयोग होत नाही. म्हणून मला शब्दांचं काम महत्त्वाचं वाटतं.

मित्रांनो, मंडळाच्या पुढच्या बैठकीसाठी एक अभ्यास सुचवतो. घरच्या आजी-आजोबांना विचारून वाळू, किनारा आणि विहीर यांचे गावातले शब्द लिहून आणा. रेंव, पुळण, मर्यादवेल ही सुरुवात मी केलेली आहे. प्रत्येक शब्दापुढे ती जागा आज कशी आहे, हेही लिहा.